लघु सुवर्णखाणी : उत्पन्न कोणाचे, खर्च कोणाचा?

सोन्याचा भाव वाढला की त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा सराफ बाजार, लग्नसराई आणि चालू खात्यावरील तूट या संदर्भांत होते. मात्र याच भाववाढीचा परिणाम आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातील हजारो खेड्यांवर किती खोलवर होतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. २००१ मध्ये सोन्याची सरासरी आंतरराष्ट्रीय किंमत एका औंसाला सुमारे २७० डॉलर होती. सप्टेंबर २०११ मध्ये ती १,९०० डॉलरच्या आसपास पोचली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ४,००० डॉलरची पातळी ओलांडली. या किमतीत नदीकाठची वाळू धुणे किंवा शेतातला खडक फोडणे हा असंख्य गरीब कुटुंबांसाठी शेतीपेक्षा किफायतशीर उद्योग ठरतो.

भांडवल अल्प, यंत्रसामग्री साधी आणि मनुष्यबळ अधिक अशा पद्धतीने चालणाऱ्या या व्यवसायाला लघु आणि पारंपरिक सुवर्णखाणकाम असे म्हटले जाते. जगातील सुमारे ८० देशांत १ ते २ कोटी लोक त्यात गुंतलेले असावेत, असा आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज आहे. त्यांपैकी ४० ते ५० लाख स्त्रिया आणि मुले आहेत. जगाच्या सुवर्णउत्पादनाचा साधारण पाचवा हिस्सा या क्षेत्रातून येतो. हे क्षेत्र ग्रामीण रोजगाराचे मोठे साधन आहे आणि त्याच वेळी ग्रामीण आरोग्यावरील मोठे संकटही आहे. या दोन्ही बाजूंचा विचार एकत्रितपणे केल्याशिवाय धोरणाचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

पाऱ्याचा वापर का होतो?

सोने खडकात किंवा वाळूत अतिसूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेले असते. खडक फोडून, दळून त्याची भुकटी करतात. ही भुकटी पाण्याबरोबर उतरत्या पन्हळीतून सोडली जाते. सोन्याचे जड कण पन्हळीत अंथरलेल्या जाड कापडावर अडकतात आणि हलकी माती वाहून जाते. राहिलेल्या गाळात पारा मिसळला की तो सोन्याच्या कणांना चिकटतो व दोहोंचे मऊ संमिश्र तयार होते. यालाच पारदमेल म्हणतात. पारा ३५७ अंश सेल्सिअस तापमानाला उकळतो, त्यामुळे हा गोळा उघड्या आगीवर तापविला की पारा उडून जातो आणि सोने मागे उरते.

ही पद्धत स्वस्त, जलद आणि एकट्या माणसाला करता येण्याजोगी आहे, हेच तिच्या प्रसाराचे मुख्य कारण होय. वास्तविक ती फारशी कार्यक्षम नाही. गाळ न गाळता सर्वच भुकटीत पारा मिसळला, तर अनेकदा निम्मे सोनेही हाती लागत नाही आणि पारा मात्र कितीतरी पटींनी अधिक खर्च होतो. तरीही सकाळी काढलेल्या मालाचे संध्याकाळी रोख पैसे होतात, आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरते.

उघड्या आगीवर पारा उडविण्याऐवजी रिटॉर्ट नावाचे बंद भांडे वापरता येते. त्यात पाऱ्याची वाफ नळीतून थंड होऊन पुन्हा द्रवरूपात मिळते आणि ९० टक्क्यांहून अधिक पारा वाचू शकतो. भांडे महाग नसते. असे असूनही त्याचा प्रसार मर्यादित का राहिला, याची कारणे केवळ अज्ञानात सापडत नाहीत. बंद भांड्यात सोने डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे भागीदारांत अविश्वास निर्माण होतो. प्रक्रियेला वेळ अधिक लागतो. बऱ्याच ठिकाणी पारदमेल खरेदीदाराच्या दुकानातच जाळला जातो आणि हा खरेदीदारच कामगाराचा सावकारही असतो. शिवाय जी जागा उद्या आपल्या ताब्यात असेल याची खात्री नाही, त्या जागेवरील कामासाठी सुधारित साधनांत गुंतवणूक करण्यास कोणी सहसा तयार होत नाही.

आरोग्यावरील परिणाम

पाऱ्याचे दुष्परिणाम दोन मार्गांनी होतात. पहिला मार्ग श्वासाचा. पाऱ्याची वाफ फुफ्फुसांत गेली की तिचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात शोषला जातो. हातापायांना कंप सुटणे, स्मरणशक्ती क्षीण होणे, निद्रानाश आणि मूत्रपिंडाचे विकार ही त्याची लक्षणे आहेत. घरातील चुलीवर पारदमेल जाळला जातो तेव्हा त्या वाफेचा धोका कामगारापुरता मर्यादित राहत नाही, तो संपूर्ण कुटुंबाला होतो. दुसरा मार्ग पाण्याचा. नदीच्या गाळात साचलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो माशांच्या शरीरात साठत जातो आणि आहारातून माणसापर्यंत पोचतो. गर्भातील बालकाच्या मेंदूला त्यापासून सर्वाधिक धोका असतो. म्हणजे खाणीपासून कितीतरी अंतरावर राहणारी, सोन्याचा एक कणही न पाहिलेली स्त्री आणि तिचे मूल यांनाही या व्यवसायाची किंमत मोजावी लागते.

पाऱ्याखेरीज खडकाच्या धुळीतील सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस हा असाध्य फुफ्फुसविकार आणि त्याच्या जोडीने वाढणारा क्षयरोग, खाणीची दरड कोसळून होणारे मृत्यू आणि सोडून दिलेल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यामुळे फैलावणारा हिवताप हेही प्रश्न आहेत.

या व्यवसायातील सर्वांत भीषण दुर्घटना मात्र पाऱ्यामुळे नव्हे, तर शिशामुळे घडली. नायजेरियाच्या वायव्य भागातील झाम्फारा राज्यात २०१० च्या आरंभी लहान मुले मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडत असल्याचे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संघटनेच्या निदर्शनास आले. प्रथम हिवतापाचा संशय घेतला गेला. रक्ततपासणीत कारण निघाले शिशाची विषबाधा. तेथील सोनेयुक्त खडकात शिशाचे प्रमाण असाधारण होते. हा खडक घरोघरी अंगणात फोडला जात होता आणि धान्य दळण्याच्या गिरण्यांत दळला जात होता. मुले त्याच धुळीत खेळत होती.

दोन गावांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष हादरवून टाकणारे होते. पाच वर्षांखालील ४६३ मुलांपैकी ११८ मुले मागील वर्षभरात दगावली होती, म्हणजे दर चार मुलांमागे एक. हयात मुलांपैकी तपासलेल्या २०४ मुलांत एकही विषबाधेपासून मुक्त नव्हते. त्यांतील १९८ मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण एका डेसिलीटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त होते. या पातळीला तातडीचे औषधोपचार आवश्यक मानले जातात. संपूर्ण परिसरात किमान ४०० मुले मरण पावली असावीत, असा अंदाज आहे.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. शरीरातील शिसे औषधांनी काढता येते, परंतु मूल उपचारानंतर त्याच दूषित अंगणात परतणार असेल तर उपचार व्यर्थ ठरतो. म्हणून आधी गावातील विषारी माती खरवडून काढणे क्रमप्राप्त होते. बागेगा या मोठ्या गावाच्या सफाईला मात्र निधीअभावी २०१३ साल उजाडले आणि तोपर्यंत तेथील मुले प्रभावी उपचारापासून वंचित राहिली. दुसरी गोष्ट अशी की, दगड ओला करून दळणे, काम वस्तीपासून दूर नेणे आणि घरी परतण्यापूर्वी अंग व कपडे धुणे अशा साध्या उपायांनी धोका मोठ्या प्रमाणात टाळता येतो. मात्र वाचलेल्या मुलांच्या मेंदूची जी हानी झाली, ती भरून येणारी नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही मानवी भांडवलाची कायमची झीज होय आणि तिची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात होत नाही.

गावाच्या अर्थव्यवस्थेचा ताळेबंद

आर्थिक परिणामांचा अभ्यास करण्यासाठी घानाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ‘गोल्ड कोस्ट’ या जुन्या नावाने ओळखला जाणारा हा देश आज आफ्रिकेतील अग्रगण्य सुवर्णउत्पादक आहे आणि त्याच्या उत्पादनातील एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा अलीकडच्या काळात लघुखाणींचा राहिला आहे. विनापरवाना खाणकामाला तेथे ‘गलमसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश आहे.

जमेची बाजू नाकारता येत नाही. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत वर्षातील काही महिने काम नसते. अशा वेळी खाणीतील मजुरी हाती रोख रक्कम देते. तीतून मुलांचे शिक्षण, खते-बियाणे, घरदुरुस्ती असे खर्च भागतात. खाणीभोवती खाणावळी, अवजारांची दुकाने व वाहतूक यांना चालना मिळते आणि अशा व्यवसायांत स्त्रियांचा वाटा लक्षणीय असतो.

खर्चाची बाजू मात्र वेगळ्याच लोकांच्या नावे पडते. घाना हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कोको-उत्पादक देश म्हणून दीर्घकाळ ओळखला जातो. कोकोच्या झाडाला फळे धरण्यास तीन ते पाच वर्षे लागतात आणि पुढे ते वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देते. खाणमालक शेतकऱ्यासमोर एकरकमी पैसे ठेवतो तेव्हा दोन पिढ्यांच्या उत्पन्नाची तुलना आजच्या निकडीशी होते आणि कर्जात असलेला शेतकरी आजची रक्कम स्वीकारतो. शिवाय घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार भूगर्भातील खनिजे राष्ट्राच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे निहित आहेत. जमीन कसणाऱ्याचा हक्क केवळ पृष्ठभागापुरता असल्याने सौद्यात त्याची बाजू दुबळी राहते. खाणकाम संपल्यावर सुपीक माती उलथून गेलेली असते आणि खड्डे बुजविण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

पाण्याची किंमत तर संपूर्ण समाज मोजतो. प्रा, ओफिन, अंकोब्रा आणि बिरिम या नद्यांचे पाणी खाणींच्या गाळाने तपकिरी झाले आहे. केप कोस्ट परिसराला पाणी पुरविणारे सेक्येरे हेमांग येथील जलशुद्धीकरण केंद्र २,००० एकके गढूळपणाच्या पाण्यासाठी बांधले गेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा सरासरी १४,००० एककांवर गेल्याचे पाणीपुरवठा कंपनीने जाहीर केले आणि पुरवठ्यात कपात करावी लागली. सोन्याच्या विक्रीचा नफा थोड्या लोकांत वाटला जातो, शुद्धीकरणाचा वाढीव खर्च मात्र प्रत्येक नळधारकावर येतो.

अर्थशास्त्रात यालाच ऋण बाह्य परिणाम म्हणतात. एखाद्या व्यवहारात खरेदी करणारा व विकणारा यांच्याखेरीज तिसऱ्यावर जो खर्च लादला जातो आणि जो बाजारभावात दिसत नाही, तो बाह्य खर्च होय. पाऱ्याच्या बाजारभावात गर्भातील बालकाच्या आरोग्याचा समावेश नसतो, म्हणूनच पारा स्वस्त वाटतो. अशा वेळी बाजारपेठ आपोआप योग्य निर्णयाप्रत पोचत नाही आणि शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो. प्रश्न उरतो तो हस्तक्षेप कोणत्या प्रकारचा असावा, हा.

बंदी, परवाना आणि कर

घानाने गेल्या चार दशकांत जवळजवळ सर्व मार्ग अवलंबून पाहिले आहेत. १९८९ च्या कायद्याने लघु सुवर्णखाणींना मान्यता मिळाली आणि २००६ च्या खनिज कायद्यात ही तरतूद कायम राहिली. हे परवाने १८ वर्षांवरील घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहेत. तथापि परवाना मिळविण्याची प्रक्रिया किचकट, खर्चिक आणि शहरकेंद्रित राहिली. मोठ्या कंपन्यांना विस्तीर्ण क्षेत्रे आधीच दिली गेल्याने स्थानिकांसाठी चांगली जमीनही उरली नाही. परिणामी बहुसंख्य लोक कायद्याबाहेरच राहिले. २००८ नंतर परदेशी, विशेषतः चिनी, भांडवल व उत्खनन यंत्रे आली आणि फावड्याने चालणारे काम पाहता पाहता अवजड यंत्रांवर गेले. २०१३ मध्ये घानाने हजारो परदेशी खाणकामगारांना देशाबाहेर पाठविले.

एप्रिल २०१७ मध्ये शासनाने सर्वच लघुखाणकामावर बंदी घातली व अंमलबजावणीसाठी लष्कराची मदत घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये ही बंदी उठली. या काळात परवानाधारकांचाही रोजगार गेला आणि विनापरवाना काम मात्र रात्री, आडवाटेला, अधिक असुरक्षित रीतीने चालू राहिले. २०१९ मध्ये बेकायदा खाणकामासाठी किमान १५ वर्षे कारावासाची तरतूद झाली. तरीही २०२४ मध्ये नद्यांची स्थिती वर सांगितल्याप्रमाणे होती. शिक्षा कितीही कठोर असली, तरी पकडले जाण्याची शक्यता कमी आणि सोन्याचा भाव चढा असेल, तर तिचा धाक कमी होतो.

कराचा अनुभवही बोधप्रद आहे. लघुखाणींच्या सोन्यावर ३ टक्के कर लावला गेला तेव्हा अधिकृत निर्यात कोसळली आणि चोरटा व्यापार वाढला. सोने वजनाला कमी व मोलाला मोठे असते, त्यामुळे अत्यल्प करही ते सीमेपलीकडे नेण्यास पुरेसे कारण ठरतो. २०२२ मध्ये हा कर १.५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या घाना सुवर्ण मंडळाला लघुखाणींचे सोने विकत घेण्याचा व निर्यात करण्याचा अनन्य अधिकार देण्यात आला. यामुळे परकीय चलन अधिकृत मार्गाने येण्यास मदत होते. मात्र सोने कोणत्या खाणीतून आले याची शहानिशा न करता खरेदी झाली, तर शासनच बेकायदा उत्पादनाचे हमखास गिऱ्हाईक बनेल, हा धोकाही आहे.

मिनामाता करार

जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. त्या शहराचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतो येथे स्वीकारण्यात आला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने जून २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१५ मध्ये मानवी कृतींमुळे हवेत सोडल्या गेलेल्या सुमारे २,२२० टन पाऱ्यापैकी ८३८ टन, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के, लघु सुवर्णखाणींतून आला होता. कोळशाच्या ज्वलनापेक्षाही हे प्रमाण अधिक आहे.

कराराचे सातवे कलम या क्षेत्राशी संबंधित आहे. त्यात सरसकट बंदी नाही. ज्या देशांत हे खाणकाम लक्षणीय आहे त्यांनी राष्ट्रीय कृती आराखडा तयार करावा आणि चार घातक पद्धती थांबविण्यासाठी पावले उचलावीत, अशी अपेक्षा आहे : संपूर्ण धातुकात पारा मिसळणे, पारदमेल उघड्यावर जाळणे, तो निवासी भागात जाळणे आणि पारामिश्रित गाळावर पारा न काढता सायनाइडची प्रक्रिया करणे. खाणकामगारांना कायद्याच्या चौकटीत आणण्याचे उपायही या आराखड्यात अपेक्षित आहेत. फिलिपीन्सच्या बेंगेट भागात पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोने वितळविण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ आहे, यावरून पर्याय उपलब्ध असल्याचे दिसते.

भारताच्या दृष्टीने

भारतात लघु सुवर्णखाणींचे क्षेत्र मोठे नाही. सुवर्णरेखा नदीच्या खोऱ्यात आणि छत्तीसगडमधील काही नद्यांच्या काठी वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारी कुटुंबे आढळतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली येणारे ‘सोनझारी झरेका’ हे नाव याच व्यवसायाची आठवण देते. संघटित क्षेत्रात कर्नाटकातील हट्टी येथील खाण कार्यरत आहे, तर कोलार येथील खाणी फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाल्या. कोलारच्या कामगारांनाही सिलिकोसिसने ग्रासले होते आणि सायनाइडमिश्रित गाळाचे डोंगर तेथे आजही उभे आहेत. मोठी खाण म्हणजे निर्दोष खाण, असे यावरून म्हणता येणार नाही. फरक एवढाच की तेथे मालक ज्ञात होता, हजेरीपट होता, रुग्णालय होते. रोगाची जबाबदारी कोणाकडे मागावी हे ठाऊक होते. लघुखाणीतील कामगाराला हे ठिकाणच उपलब्ध नसते.

मेघालयातील कोळशाच्या ‘रॅट होल’ खाणींचा अनुभव येथे ताडून पाहता येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली, तरीही डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथील खाणीत पाणी शिरून १५ कामगार अडकले. पर्यायी उपजीविकेविना आलेली बंदी व्यवसाय थांबवीत नाही, त्याला दृष्टीआड करते. याउलट खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने ही खाणबाधित गावांना खनिज उत्पन्नाचा वाटा देणारी व्यवस्था आहे. बाह्य खर्चाची काही अंशी भरपाई करणारी ही रचना आहे. अर्थात, ती नोंदणीकृत खाणींनाच लागू पडते.

भारताचा सर्वांत थेट संबंध ग्राहक या नात्याने येतो. चीनपाठोपाठ भारत ही सोन्याची जगातील दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ आहे आणि घानाकडून होणाऱ्या आपल्या आयातीत सोन्याचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक आहे. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तो सोन्याची शुद्धता सांगतो, उगम सांगत नाही. सोन्याचा स्रोत तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१२ पासून आहेत. ती शुद्धीकरण कारखान्यांपासून सराफापर्यंत झिरपणे गरजेचे आहे.

समारोप

लघु सुवर्णखाणकाम हे दारिद्र्याचे कारण नसून बहुतांशी दारिद्र्याला दिलेले उत्तर आहे, मात्र त्या उत्तराची किंमत बालके, नदीच्या खालच्या अंगाची गावे आणि पुढील पिढी यांच्यावर पडते. म्हणून केवळ बंदी अपुरी ठरते आणि केवळ परवानाही पुरत नाही. गावाजवळ मिळणारा सुलभ परवाना, सावकारापासून मुक्त करणारे कर्ज, वस्तीबाहेरील सामाईक प्रक्रिया केंद्रे, उगमाची खात्री करूनच योग्य भाव देणारी खरेदी व्यवस्था आणि आरंभीच घेतलेली भूमी-पुनर्भरणाची अनामत रक्कम या गोष्टी एकत्र आल्या, तरच बाह्य खर्च व्यवहारात सामावला जाईल. झाम्फाराच्या मुलांचे प्राण वाचविण्यासाठी महागडे तंत्रज्ञान लागणार नव्हते. दळण्याची जागा अंगणाबाहेर नेणे आणि दगडावर पाणी शिंपडणे एवढेच त्यासाठी बऱ्याच अंशी पुरेसे होते. तेवढे वेळेवर घडेल अशी व्यवस्था उभारणे, हे विकासनीतीचे खरे काम आहे.